तुटक्या त्रिशुळाचा झेंडा: बार्बाडोसच्या राष्ट्रध्वजाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमध्ये देशोदेशींच्या झेंड्यांची ओळख करून देताना कॅरिबियन बेटांपैकी सर्वांत जास्त प्रश्न मला बार्बाडोसच्या झेंड्यावर येतात. २९ जून २०२४ रोजी भारताने टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला तो याच बेटावर, ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानात. त्यानंतर तर मोठी माणसंही विचारू लागली. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, किचकट शेवटी.

१. बार्बाडोसचा झेंडा नेमका दिसतो कसा?

सारख्या रुंदीचे तीन उभे पट्टे: निळा, सोनेरी आणि पुन्हा निळा. मधल्या सोनेरी पट्ट्यावर काळ्या रंगात त्रिशुळाचा फक्त वरचा भाग आहे. खाली दांड्याचा छोटासा तुकडा दिसतो आणि तो तिथेच संपतो. लांबी आणि उंचीचं प्रमाण ३:२, म्हणजे आपल्या तिरंग्याइतकंच. ९० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर उंच झेंडा शिवायचा असेल, तर प्रत्येक पट्टा ३० सेंटिमीटर रुंद घ्यायचा. त्रिशूळ पूर्णपणे सोनेरी पट्ट्यात बसतो, त्याचं कुठलंही टोक निळ्यात जात नाही.

२. बार्बाडोस हा देश आहे की वेस्ट इंडीजचा एक भाग?

स्वतंत्र देश आहे. ‘वेस्ट इंडीज’ नावाचा देश आज अस्तित्वात नाही, त्या नावाचा क्रिकेट संघ आहे (त्याच्या झेंड्याबद्दल प्रश्न १३ पाहा). बार्बाडोस हे कॅरिबियन बेटांतलं सर्वांत पूर्वेकडचं बेट. क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडं लहान, आणि लोकसंख्या तीन लाखांच्या आत. राजधानी ब्रिजटाऊन.

३. निळा आणि सोनेरी रंग कशाचे?

निळा समुद्राचा आणि आकाशाचा, सोनेरी किनाऱ्यावरच्या वाळूचा. झेंडा डोळ्यांसमोर आडवा धरला की बेटाचा नकाशाच समोर येतो: मध्ये जमीन, दोन्ही बाजूंना पाणी.

निळ्याची छटा मात्र नीट पाहून घ्या. आकाशी नाही, नेव्ही ब्लूही नाही. तो अल्ट्रामरीन आहे. पांढऱ्या कपड्यांना घालायची भुकटीची नीळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही छटा वेगळी समजावून सांगावी लागत नाही, कारण ती नीळ म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीनच. या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘समुद्रापलीकडचा’. अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडापासून केलेला हा रंग समुद्रामार्गे युरोपात पोचायचा, म्हणून हे नाव. समुद्रापलीकडून आलेल्यांच्या सत्तेतून सुटलेल्या बेटाच्या झेंड्यावर तोच रंग असावा, हे मला फार आवडतं.

४. त्रिशूळ तुटका का आहे? छपाईत काही राहून गेलंय का?

काहीही राहून गेलेलं नाही. सगळा झेंडा या तुटलेल्या दांड्यासाठीच आहे, असं मी म्हणेन.

ब्रिटिश राजवटीत बार्बाडोसच्या वसाहतीचं एक अधिकृत बोधचिन्ह होतं. समुद्रातून धावणारा रथ, तो ओढणारे समुद्री घोडे आणि रथात हाती त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं मानवी रूप. रोमन पुराणातल्या नेपच्यून या समुद्रदेवाचं शस्त्र तिच्या हाती देण्यात अर्थ सरळ होता: समुद्रावर राज्य आमचं, म्हणून त्यातल्या बेटावरही आमचंच. झेंडा काढणाऱ्याने त्या चित्रातला रथ सोडला, घोडे सोडले, ब्रिटानियाही सोडली. फक्त तिच्या हातातला त्रिशूळ घेतला आणि जिथे ती तो धरायची तो दांडा मोडून टाकला. आता धरायला मूठच उरली नाही. वसाहतीच्या इतिहासाशी आणि तिच्या राज्यव्यवस्थेशी फारकत, हा या मोडलेल्या दांड्याचा अधिकृत अर्थ.

एका वर्गात सहावीतल्या मुलीने मला विचारलं होतं, “काका, भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, मग भंगलेला त्रिशूळ झेंड्यावर कसा चालतो?” प्रश्न अगदी आपल्या घरातला आहे. आपल्याकडे खंडित वस्तू पूजेतून काढून विसर्जित करतात, कारण ती ज्याची त्याच्यापर्यंत आता पोचत नाही, असा भाव असतो. बार्बाडोसमध्ये हवं होतं ते नेमकं हेच. हा त्रिशूळ ज्या सत्तेचा होता तिच्यापर्यंत आता पोचू नये. तो फेकून दिला असता तर इतिहासच पुसला गेला असता. तुटलेल्या अवस्थेत झेंड्यावर ठेवला, म्हणून पाहणाऱ्याला काय होतं आणि काय मोडलं, दोन्ही दिसतं.

५. त्रिशुळाची तीन टोकं कशाची?

लोकांचं, लोकांनी चालवलेलं, लोकांसाठीचं राज्य. लोकशाहीची ही व्याख्या आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून पाठ केलेली असते. मूळ शब्द अब्राहम लिंकन यांच्या १८६३ मधल्या गेटिसबर्गच्या भाषणातले.

बार्बाडोसमध्ये या तीन टोकांना विशेष वजन आहे. तिथलं विधिमंडळ १६३९ पासूनचं. पण पुढची तीन शतकं ते मूठभर मालमत्ताधारकांचंच राहिलं. प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या मतावर झालेली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ ची. संसद होती, पण ती लोकांची व्हायला तीनशे वर्षं लागली, हे माहीत असलं की मधलं टोक आणि बाजूची दोन्ही टोकं वेगळीच वाटू लागतात.

६. हा भगवान शंकराचा त्रिशूळ आहे का? तिथे भारतीय वंशाचे लोक असतील म्हणून आला असेल.

नाही. समाजमाध्यमांवर हा दावा दर काही महिन्यांनी फिरतो आणि प्रत्येक वेळी चुकीचाच असतो. हा त्रिशूळ नेपच्यूनचा आणि नंतर ब्रिटानियाचा (प्रश्न ४).

दुसरा भागही तपासून पाहू. कॅरिबियन भागात करारावर नेलेले भारतीय मजूर, म्हणजे गिरमिटिये, मोठ्या संख्येने गेले ते त्रिनिदाद आणि गयानात. बार्बाडोसमध्ये तसं झालं नाही. तिथे आधीच दाट वस्ती होती आणि गुलामी संपल्यावरही मळेवाल्यांना बेटावरच मजूर मिळत राहिले. आज तिथे जो छोटा भारतीय समाज आहे, तो विसाव्या शतकात व्यापारासाठी आलेल्या कुटुंबांचा. त्यात गुजराती बरेच. झेंड्याच्या आखणीशी त्यांचा संबंध नाही. आपल्या जेजुरीच्या किंवा ज्योतिबाच्या त्रिशुळाशी आकार जुळतो म्हणून आपलेपणा वाटणं स्वाभाविक आहे. तो वाटू द्यावा, पण इतिहास मात्र ज्याचा त्यालाच द्यावा.

७. झेंडा कोणी बनवला?

ग्रँटली प्रेस्कॉड या चित्रकला शिक्षकाने. स्वातंत्र्याआधी सरकारने खुली स्पर्धा ठेवली होती. तिला १,०२९ आराखडे आले. तेव्हाच्या लोकसंख्येच्या मानाने पाहा: बेटावरच्या दर दोन-अडीचशे माणसांमागे एक चित्र. प्रेस्कॉड यांचा आराखडा निवडला गेला. त्यांना सुवर्णपदक, ५०० डॉलर आणि पंतप्रधान एरल बॅरो यांच्याकडून सन्मानपत्र मिळालं.

शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी राष्ट्राचा झेंडा काढला, ही गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगतो, आणि सांगताना त्या वर्गाच्या चित्रकला शिक्षकांकडे हमखास पाहतो.

८. तो पहिल्यांदा कधी आणि कुठे फडकला?

३० नोव्हेंबर १९६६ ला, मध्यरात्री, ब्रिजटाऊनजवळच्या गॅरिसन सॅव्हाना मैदानावर. तिथे ब्रिटिश झेंडा उतरवला गेला आणि बार्बाडोस रेजिमेंटचे लेफ्टनंट हार्टली डॉटिन यांनी नवा झेंडा चढवला. मैदानाची निवड बोलकी आहे. गॅरिसन म्हणजे ब्रिटिश फौजेची छावणी, आणि सॅव्हाना म्हणजे त्या फौजेचं कवायतीचं मैदान. पुढे तिथे घोड्यांच्या शर्यती होऊ लागल्या. जुनं ब्रिजटाऊन आणि ही छावणी २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

९. त्याआधी कोणता झेंडा होता?

दोन सांगावे लागतील.

पहिला वसाहतीचा: निळं कापड, वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक, उजवीकडे प्रश्न ४ मध्ये सांगितलेलं बोधचिन्ह. ब्रिटिश वसाहतींचे झेंडे बहुतेक याच साच्याचे असत, फक्त बोधचिन्ह बदले.

दुसरा वेस्ट इंडीज महासंघाचा. ३ जानेवारी १९५८ ते ३१ मे १९६२ एवढंच आयुष्य लाभलेल्या या महासंघात बार्बाडोस होता, आणि महासंघाचे एकमेव पंतप्रधान ग्रँटली ॲडम्स बार्बाडोसचेच. (झेंड्याचे प्रेस्कॉड वेगळे, दोघांचं पहिलं नाव सारखं असल्याने गोंधळ होतो.) निळ्या पार्श्वभूमीवर चार पांढऱ्या नागमोडी रेघा आणि मध्ये नारिंगी सूर्य, असा तो झेंडा जमैकाच्या शिल्पकार एड्ना मॅन्ली यांनी काढला होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४ × ४०० मीटर रिलेचं कांस्यपदक ब्रिटिश वेस्ट इंडीजच्या संयुक्त संघाला मिळालं, त्या चौघांत बार्बाडोसचा जेम्स वेडरबर्न होता. महासंघ मोडला, १९६२ मध्ये जमैका आणि त्रिनिदाद-टोबॅगो स्वतंत्र झाले. उरलेल्या छोट्या बेटांचा एक संघ करण्याचा प्रयत्नही फसला, आणि बार्बाडोस एकटा पुढे निघाला.

१०. २०२१ मध्ये बार्बाडोस प्रजासत्ताक झाला. तेव्हा झेंडा बदलला का?

नाही. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी, स्वातंत्र्याच्या ५५ व्या वर्धापनदिनी, राणी एलिझाबेथ यांच्या जागी सँड्रा मेसन पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. समारंभात राणीचा शाही ध्वज उतरवला गेला. प्रिन्स चार्ल्स तिथे उपस्थित होते. राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत होते तेच राहिले.

इथे लोक एक नेमका प्रश्न विचारतात: १९६६ मध्ये दांडा मोडला म्हणता, मग राणी आणखी ५५ वर्षं राष्ट्रप्रमुख कशी? उत्तर असं, की १९६६ मध्ये सत्ता आली, पण राणीपद ठेवलं गेलं. आपल्याकडेही १९४७ ते १९५० हीच अवस्था होती. फरक इतकाच, की आपली तीन वर्षांत संपली. प्रजासत्ताकासाठी झेंडा बदलावा लागला नाही, कारण झेंड्यावर जे काढलं होतं त्याच्याजवळ राज्यघटना नंतर पोचली. एकेकाळी ज्या बेटाला ‘छोटं इंग्लंड’ म्हणत, तिथे हे घडलं. त्याआधी वर्षभर, १६ नोव्हेंबर २०२० ला, ब्रिजटाऊनच्या नॅशनल हिरोज चौकातून ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा पुतळा हलवण्यात आला होता. तो १८१३ पासून तिथे उभा होता.

११. काळ्या रंगाचा अर्थ काय? तिथल्या कृष्णवर्णीय लोकांचं प्रतीक आहे ना?

अनेक ठिकाणी तसं लिहिलेलं आढळतं. पण झेंड्याचं अधिकृत स्पष्टीकरण निळा, सोनेरी आणि त्रिशूळ याबद्दलच आहे, काळ्याला वेगळा अर्थ दिलेला नाही. सोनेरीवर सर्वांत ठळक उठून दिसणारा रंग काळाच, एवढं नक्की. कुणाला त्यात स्वतःचे पूर्वज दिसत असतील तर ते त्याचं पाहणं आहे, मी त्याला चूक म्हणणार नाही. पण सामान्यज्ञानाच्या परीक्षेत ते उत्तर लिहू नका.

१२. बहामा, बार्बुडा, बार्बाडोस: मी नेहमी गोंधळतो. कसं लक्षात ठेवू?

बहामाशी गोंधळ रंगांमुळे होतो, कारण तिथेही निळा, सोनेरी आणि काळा हेच तीन रंग आहेत. पण बहामाचे पट्टे आडवे, निळा समुद्राच्या उथळ पाण्यासारखा हिरवट, आणि काळा त्रिकोण काठीच्या बाजूला. तो झेंडा १९७३ चा.

बार्बुडाशी गोंधळ नावामुळे. अँटिग्वा आणि बार्बुडा हा वेगळा देश, व्हिव्ह रिचर्ड्स यांचा. त्याचा झेंडा लाल, मध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी जागा आणि तिच्यात उगवता सूर्य. गॅरी सोबर्स मात्र बार्बाडोसचे.

युक्रेनचंही विचारतात. तिथला त्रिशूळ राजचिन्हावर आहे, सोनेरी आहे, आणि तो मध्ययुगीन कीव्हच्या राजघराण्याचा. बार्बाडोसशी काहीही नातं नाही.

१३. वेस्ट इंडीजच्या सामन्यात हा झेंडा का दिसत नाही?

कारण तो संघ एका देशाचा नाही. बार्बाडोस, जमैका, गयाना, त्रिनिदाद अशा अनेक देशांचे खेळाडू त्यात असतात, म्हणून मंडळाचा स्वतःचा मरून रंगाचा झेंडा लावतात, ज्यावर माडाचं झाड आणि स्टंप आहेत. प्रेक्षकांत मात्र ज्याचा त्याचा झेंडा असतोच.

याला एक सुंदर अपवाद आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत महिला क्रिकेट होतं. राष्ट्रकुल स्पर्धेत देश उतरतात, क्रिकेट मंडळं नव्हे. म्हणून कॅरिबियनतर्फे बार्बाडोस आपल्याच नावाने आणि आपल्याच झेंड्याखाली खेळला. तिथल्या आधीच्या प्रादेशिक स्पर्धेचे विजेते तेच होते. ३ ऑगस्टला भारताने त्यांना १०० धावांनी हरवलं. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद ५६ धावा काढल्या. सांगलीची स्मृती मानधनाही त्या संघात होती. निकाल आपल्या बाजूने लागला याचा आनंद आहेच, पण तुटका त्रिशूळ क्रिकेटच्या मैदानावर एका राष्ट्राचा म्हणून दिसला, याचाही मला तितकाच आनंद झाला.

कॅरिबियन प्रीमियर लीगमधला ‘बार्बाडोस ट्रायडंट्स’ हा संघ या त्रिशुळाच्याच नावाचा. २०१४ आणि २०१९ ची विजेतेपदं त्याच नावाने मिळाली. २०२१ मध्ये मालकी बदलली आणि नाव ‘बार्बाडोस रॉयल्स’ झालं.

१४. देशाच्या राजचिन्हावर त्रिशूळ का नाही?

कारण राजचिन्ह झेंड्याच्या आधी, फेब्रुवारी १९६६ मध्ये मिळालं आणि त्याची कल्पना वेगळीच आहे. सोनेरी ढालीवर एक झाड, बाजूंना डॉल्फिन आणि पेलिकन पक्षी, वर उसाची दोन कांडी फुलीसारखी धरलेला हात. ब्रीदवाक्याचा अर्थ ‘अभिमान आणि उद्यम’.

ते झाड ओळखीचं वाटेल. आपल्या वडाच्या कुळातलंच आहे, आणि त्यालाही हवेत लोंबणारी मुळं फुटतात. ‘बार्बाडोस’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये ‘दाढीवाले’. हे नाव या झाडाच्या पारंब्यांवरून पडलं असं मानतात. झाडाच्या वरच्या दोन कोपऱ्यांतली फुलं ‘प्राइड ऑफ बार्बाडोस’ची, म्हणजे आपला शंकासुर. अंगणात, शाळेच्या कुंपणाशी दिसणारं ते लाल-पिवळं तुऱ्याचं फूल बार्बाडोसचं राष्ट्रीय फूल आहे. मुलांना हे सांगितलं की पुढच्या आठवड्यात दोन-तीन जण तरी फूल घेऊन येतात.

१५. झेंडा उलटा लावलाय हे कसं ओळखायचं?

पट्ट्यांवरून कळणार नाही. डावी-उजवी बाजू सारखीच, त्यामुळे पुढून-मागूनही तोच दिसतो. फक्त त्रिशूळ पाहायचा: टोकं आकाशाकडे हवीत.

१६. शाळेच्या प्रकल्पासाठी काढायचा आहे. कुठे चुकतं?

घोटीव कागद वापरा. निळ्या कागदावर मध्ये पिवळी पट्टी चिकटवा. त्रिशुळासाठी काळा कागद उभा मधोमध दुमडून अर्धा आकार कापा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. मधलं टोक भाल्यासारखं सरळ, बाजूची दोन खालून बाक घेत वर गेलेली.

चूक जवळजवळ प्रत्येक वर्गात एकच होते: मुलं दांडा पूर्ण करतात. पट्टीच्या तळापर्यंत नेतात, कधी खाली गोल मूठही काढतात. अर्धवट चित्र पुरं करायची हौस असते, आणि पालकही “अगं, तुझं राहिलंय” म्हणून मदत करतात. कृपया दांडा पुरा करू नका. पूर्ण दांड्याचा त्रिशूळ म्हणजे पुन्हा ब्रिटानियाचाच त्रिशूळ.

१७. गुलामगिरीचा इतिहास या झेंड्यात कुठेच नाही का? आणि गुलामांचा स्वतःचा झेंडा होता म्हणतात, ते खरं का?

पहिल्याचं उत्तर: थेट नाही. इंग्रजांची वस्ती १६२७ पासून. १६४० च्या दशकात ऊस आला आणि त्यासाठी आफ्रिकेतून माणसं पकडून आणली गेली. १८३४ मध्ये गुलामी कायद्याने संपली, तरी ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकांकडे चालू राहिलेल्या सक्तीच्या मजुरीतून सुटका व्हायला १८३८ उजाडलं. झेंड्यावर यातलं काही काढलेलं नाही. पण ज्या सत्तेचा दांडा मोडला, हे सगळं तिनेच केलं होतं.

दुसऱ्याचं उत्तर: हो, खरं आहे. १४ एप्रिल १८१६, ईस्टरचा रविवार. बसा नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली बेटावर मोठा उठाव झाला. तो काही दिवसांत चिरडला गेला आणि बसा लढताना मारला गेला. १९९८ मध्ये त्याला राष्ट्रीय नायक घोषित केलं गेलं. उठाव करणाऱ्यांकडून हस्तगत केलेल्या झेंड्याचं त्या काळी काढलेलं एक कच्चं चित्र लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेलं आहे. त्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत काही ओळी आहेत, आणि त्यातली एक ओळ सांगते की धडपडणाऱ्या आपल्या लेकरांना मदत करायला ब्रिटानिया सदैव तयार असते. लंडनहून सुटकेचा हुकूम आलाय आणि मळेवाले तो दडवून ठेवतायत, अशी त्यांची समजूत होती. गुलामांची नोंदणी करण्याचा कायदा तेव्हा चर्चेत होता, त्यातून ती पसरली. त्या लोकांनी आपल्या झेंड्यावर मदतीसाठी ब्रिटानियाचं नाव लिहिलं. दीडशे वर्षांनी, १९६६ मध्ये, त्यांच्याच बेटावर तिच्या हातातला त्रिशूळ काढून घेतला गेला.